तासाचा भाव

ठाण्यातल्या घरपट्टीच्या बिलावर सर्वसाधारण कराच्या खाली बारक्या अक्षरांत करांची एक रांग असते. पाणीपुरवठा, मलनिःसारण, वृक्ष, अग्निशमन. त्या रांगेत शिक्षण दोनदा येतं, एकदा महापालिकेचा शिक्षण कर म्हणून आणि एकदा राज्य शासनाचा म्हणून. राज्याचा हा उपकर १९६२ च्या कायद्याने आला. महापालिका तो नुसता गोळा करते आणि पुढे पाठवते. शिवाय आयकर भरणाऱ्याकडून केंद्र चार टक्के उपकर घेतं, त्यात शिक्षणाच्या जोडीला २०१८ पासून आरोग्यही बसवलंय. म्हणजे आमच्या सोसायटीतला माणूस एकाच शिक्षणासाठी तीन ठिकाणी पैसे मोजतो, आणि सोसायटीतलं एकही मूल पालिकेच्या शाळेत जात नाही.

मी महाप्याच्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. बिल आलं की पहिला प्रश्न ठरलेला: माल आला का? कुणी उतरवून घेतला, मोजला, कुणाची सही आहे? ती नोंद नसेल तर बिल पुढे सरकत नाही. शिक्षणाच्या या करांचा माल कुठे उतरतो, हे विचारायची सोय मात्र त्या बिलावर नाही. सुदैवाने माझ्या घरात एक गोदामच आहे. माझी मावसबहीण पालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. वयाने मोठी, म्हणून ताई. पैशाच्या बाजूने मी आणि खडूच्या बाजूने ती, असा आमचा वाद भाऊबीजेपासून गणपतीपर्यंत कधीही निघतो आणि जेवणं होईपर्यंत चालतो.

तसा हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात त्यांनी हिशेबच मांडला होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. ज्यांच्याकडून पैसा घेतला त्यांची मुलं प्राथमिक शाळेपर्यंतही पोचत नाहीत. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि झिरपली नाहीच. आज ठाण्यात चित्र उलटं दिसतं. पैसा देणारे आम्ही गृहसंकुलातले, शिकणारी मुलं किसननगर, लोकमान्यनगर, कळव्याच्या झोपडपट्टीतली. हे न्यायाला धरूनच आहे, कर असायचाच त्यासाठी. पण एक गोष्ट तेव्हाही होती तीच आजही आहे. पैसे भरणारा वर्गाच्या बाहेर आहे. तेव्हा त्याला आत येता येत नव्हतं, आज त्याला आत यायचं नाही. आतल्या बाकावर ज्याचं मूल बसलंय, त्याला अंदाजपत्रकातल्या लेखाशीर्षाशी देणंघेणं नाही. आणि ज्याला ते वाचता येतं त्याचं मूल दुसरीकडे, स्कूलबसमध्ये.

शिक्षणावर किती खर्च करावा हा प्रश्न मी इथे उरकूनच टाकतो. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही सहा टक्केच सांगितले, आणि त्याच धोरणात २०१७-१८ चा प्रत्यक्ष आकडा ४.४३ टक्के दिलाय. अर्धशतकाहून जास्त काळ एकच आकडा प्रत्येक कागदात नव्याने लिहिला जातो, त्यावर अजून काय बोलायचं? मला रस आहे तो जे खर्च होतं त्यात.

शाळेवरच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पगारांचा. टॅब, स्मार्ट बोर्ड, रंगवलेल्या भिंती यांचे फोटो येतात, उद्घाटनं होतात, पण पैशाचा मुख्य प्रवाह तिकडे नसतो. तेव्हा खरं पाहता सरकार शिक्षकाचा वेळ विकत घेत असतं. एकदा मी ताईच्या स्वयंपाकघरात बसून पेन्सिलीने या वेळेचा भाव काढला. समजा, पगार साठ हजार. महिन्याचे दिवस चोवीस, दिवसाचे शिकवायचे तास पाच. एका तासाचे झाले पाचशे रुपये. वर्गात चाळीस मुलं असतील तर एका मुलामागे ताशी साडेबारा रुपये. ताईच्या शाळेच्या आसपास चाळीत क्लासच्या पाट्या आहेत, महिना पाचशे, रोज एक तास. तोही चोवीस दिवसांनी भागला तर एकवीस रुपयांच्या आसपास. म्हणजे पालिकेचा प्रशिक्षित, डी.एड. झालेला शिक्षक मुलामागे चाळीतल्या बारावी पास क्लासवालीपेक्षा स्वस्त पडतो.

"तो तास त्या मुलाला मिळाला तर," ताई म्हणाली आणि फोडणीत कढीपत्ता टाकला.

सगळी मेख त्या 'तर' मध्ये आहे. शिक्षक शाळेत येतच नाहीत, हा आपला आवडता समज. २००३ साली देशभर सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी देऊन एक पाहणी झाली होती. तीत दर चार शिक्षकांतला एक गैरहजर सापडला, झारखंडात तर प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर. पण त्या यादीत सगळ्यात कमी गैरहजेरी महाराष्ट्राची होती, पंधरा टक्क्यांच्या आत. आपला शिक्षक शाळेत येतो. वर्गात काय करतो, हा पुढचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर ताईच्या फोनमध्ये आहे.

तिचा फोन दिवसभर वाजत असतो. मुख्याध्यापकांचा ग्रुप, आसपासच्या शाळांच्या समूहकेंद्राचा ग्रुप, विभागाचा ग्रुप. यू-डायस या देशभरच्या शाळा-नोंदणीची माहिती, राज्याच्या सरल पोर्टलवरची माहिती, आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी, पोषण आहाराची रोजची नोंद, तांदळाचा साठा, अमुक दिनानिमित्त घेतलेल्या उपक्रमाचे फोटो. सगळं "तात्काळ", सगळं "आज दुपारी दोनपर्यंत". शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्या तीन गोष्टी सोडून दुसऱ्या कामाला लावायला मनाई केलीय. पण २०२४ च्या जानेवारीत मराठा आरक्षणासाठीचं घरोघर सर्वेक्षण झालं, तेव्हा दारं वाजवायला गेलेल्यांत शिक्षक होतेच. निरक्षरांचं सर्वेक्षण आलं, त्यावर तर राज्यभरातल्या शिक्षक संघटनांनी बहिष्कारच घातला. त्याच २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका. बीएलओचं, म्हणजे मतदारयादी सांभाळणाऱ्या बूथ अधिकाऱ्याचं, काम तर बारमाही. ताईला मतदारयादीतली तिच्या भागातली मयत माणसं तोंडपाठ आहेत, आणि हे ती विनोदाने सांगत नाही.

यातलं कुठलंच काम निरुपयोगी नाही. मतदारयादी नीट हवी, तांदळाचा हिशेब तर हवाच हवा. माझी हरकत हिशेबनिसाची आहे. पाचशे रुपये ताशी भावाने घेतलेला वेळ आपण डेटा एंट्रीला लावतो आणि तो खर्च नोंदवतो 'शिक्षण' या शीर्षाखाली. आमच्या कंपनीत उत्पादनाच्या इंजिनिअरला गेटवर पास लिहायला बसवलं आणि त्याचा पगार उत्पादनखर्चात दाखवला, तर ऑडिटर मला उभा करेल. शाळेत हे रोज होतं आणि गळती म्हणून कुठेच दिसत नाही. कारण पगार झाला, सही झाली, हजेरी लागली.

गणवेशाची गोष्ट यातलीच. पूर्वी गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. जवळच्या बाजारातलं दुकान, ओळखीचा शिंपी, फाटलं की बदलून द्यायला माणूस समोर. २०२४ मध्ये राज्याने 'एक राज्य एक गणवेश' आणला. कापड वरून एकत्र घ्यायचं, बचतगटांकडून शिवून घ्यायचं. कागदावर हे अगदी बरोबर दिसतं. घाऊक खरेदीत भाव पडतो, हे माझ्यासारख्याला कुणी शिकवायला नको. पण मूल घाऊक मापाचं नसतं. कित्येक शाळांत गणवेश पावसाळा सरत आला तरी पोचले नाहीत, पोचले ते कुणाला तोकडे, कुणाला ढगळ. वर्ष संपायच्या आत, डिसेंबरमध्ये, अधिकार पुन्हा समित्यांकडे द्यावे लागले. पाठ्यपुस्तकांत कोरी पानं जोडायचा प्रयोगही असाच आला आणि २०२५ च्या जानेवारीत गेला. मीटरमागे किती रुपये वाचले ते कुठेतरी लिहिलेलं असेल. मापं पुन्हा पुन्हा पाठवण्यात, पालकांना समजावण्यात, ढिगातून चौतीस नंबर शोधण्यात शिक्षकांचे किती तास गेले ते मात्र कुठे लिहिलेलं नाही. जून-जुलै हा पहिलीच्या मुलाचा सगळ्यात महागाचा काळ. अक्षराशी ओळख तेव्हाच व्हायची असते.

मग शिक्षकांना जास्त पैसे दिले तर? ताईचा अर्थातच याला पाठिंबा आहे. पण इथे इंडोनेशियाची हकिगत सांगावी लागते, कारण त्या एकाच देशाने दोन वेगळे खर्च करून दोन वेगळे निकाल पाहिलेत. तेलाचा पैसा आला तेव्हा, १९७३ ते १९७८ या काळात, त्यांनी एकसष्ट हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या, जिथे मुलं शाळेबाहेर जास्त तिथे जास्त शाळा अशा हिशेबाने. एस्तर दुफ्लो या अर्थतज्ज्ञ बाईंनी वीसेक वर्षांनी त्या मुलांचे पगार तपासले. ज्या भागांत शाळा जास्त झाल्या तिथली मुलं जास्त शिकली होती आणि मोठेपणी जास्त कमावत होती. पुढे २००५ मध्ये त्याच देशाने कायदा करून प्रमाणित शिक्षकांना मूळ पगाराएवढा भत्ता द्यायचं ठरवलं. शिक्षक खूश झाले, त्यांची कर्जं कमी झाली, जोडधंदे सुटले. मुलांच्या शिकण्यात मोजण्याजोगा फरक पडला नाही. पहिल्या वेळी पैशाने नवीन तास तयार केले, आधी शाळाच नव्हती तिथे. दुसऱ्या वेळी आहे त्याच तासाचा भाव वाढला, तासात काय घडतं ते तसंच राहिलं.

हे ऐकून ताई चिडली. "म्हणजे आम्हाला फुकट राबवा?" तिचंही खरं आहे. आपल्याकडे तोही प्रयोग झालाय. शिक्षणसेवक नावाखाली तीन वर्षं मानधनावर काम, आणि प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिन्याला सहा हजार. मग ते सोळा हजार झालं. सहा हजारांत ठाण्यात खोली सोडाच, कॉटबेसिसवर जागा मिळायची मारामार. तास स्वस्त केल्याने तो चांगला होत नाही, महाग केल्यानेही होत नाही. मग कशाने होतो?

याचं एक उत्तर मुलुंड टोलनाक्याच्या पलीकडेच सापडलं होतं. 'प्रथम' या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' नावाचा उपक्रम चालवला. वस्तीतलीच शाळा शिकलेली मुलगी, थोडं प्रशिक्षण, महिना पाचशे ते साडेसातशे मानधन. तिने तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोनेक तास वर्गाबाहेर न्यायची आणि त्यांना येत नाही तिथून शिकवायचं. चौथीतल्या मुलाला जोडाक्षर येत नसेल तर जोडाक्षर. २००१ ते २००३ या काळात याची काटेकोर तपासणी झाली. करणाऱ्यांत दुफ्लो होत्याच, आणि अभिजित बॅनर्जीही. दोघांना पुढे, २०१९ मध्ये, नोबेल मिळालं. मागे पडलेली मुलं खरोखर पुढे सरकली. गंमत अशी की, ती मुलं बाहेर गेल्याने मूळ वर्गाचा पट कमी झाला, पण तिथे उरलेल्यांना त्याचा काही विशेष फायदा झाला नाही. पट घटवणं महागडं, आणि त्याने जे झालं नाही ते पाचशे रुपयांच्या मुलीने केलं. उपक्रम थांबल्यावर फायद्यातला बराचसा भाग पुढच्या वर्षात विरलाही, हेही तपासणीत आहे आणि सांगायलाच हवं.

ताईला यातलं नवं काही वाटलं नाही. "मलाही कळतं कुणाला काय येत नाही. पण मला अभ्यासक्रम संपवायचाय." शिक्षण हक्क कायदा तेच सांगतो: मूल वयानुसार वर्गात बसवा आणि अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करा. गावाहून आईबापांबरोबर आलेली दहा वर्षांची मुलगी थेट पाचवीत बसते. तिला वाचता येत नाही, आणि फळ्यावर अपूर्णांक चालू असतात. त्या तासाचे साडेबारा रुपये तिच्या नावावर खर्ची पडतात. तिला त्यातलं काहीच मिळत नाही.

या तासाचं मोल बाजारात किती वाढलंय ते बघायला वागळे इस्टेटला चक्कर मारावी. माझे वडील सातवी पास. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, काम हातात बसलं, कायम झाले, आणि त्या पगारावर आम्ही दोघं भाऊ शिकलो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हजारो घरं अशी उभी राहिली. गावाकडून आलेला सातवी-आठवीचा माणूस केमिकल कंपनीत चिकटला की घर मार्गी लागायचं. आता त्यातल्या किती जागांवर काचेच्या इमारती आहेत. ऐरोलीला सकाळी ट्रान्सहार्बर लोकलमधून जी गर्दी उतरते, तिच्यात सातवी पास माणसाला आत फक्त साफसफाईच्या कंत्राटात जागा आहे. गेटवरच्या सिक्युरिटीलासुद्धा दहावी मागतात, कारण त्याला रजिस्टर लिहायचंय आणि टॅबवर पाहुण्याचं नाव टाकायचंय. शिक्षणाचं एक जादा वर्ष कमाईत जगभरात सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास भर घालतं, असं अर्थतज्ज्ञ सांगतात. पण वाचता न येता काढलेलं वर्ष त्या हिशेबात कसं धरायचं? पूर्वी शाळेतलं राहिलेलं कारखान्यात शिकता यायचं. आता शाळेत राहिलं ते राहिलंच.

या फायद्याची आणखी एक अडचण आहे. तो खर्च करणाऱ्याच्या वहीत कधी येत नाही. पालिकेने पहिलीतल्या मुलीवर आज पैसे घातले, तर तिची कमाई पंधरा वर्षांनी सुरू होणार. तोवर ती डोंबिवलीला असेल नाहीतर पुण्याला. तिचा आयकर केंद्राला जाईल, तिच्या खरेदीवरचा जीएसटी केंद्र-राज्यात वाटला जाईल. तिच्या मुलाचं वजन बरं असेल, तो आजारी कमी पडेल. ती बचत सरकारी दवाखान्याची, नाहीतर तिच्या नवऱ्याच्या खिशाची. नगरसेवकाला पाच वर्षांत दाखवायला उरते ती रंगवलेली भिंत. मला त्याचा राग येत नाही, त्याच्या जागी मीही भिंतच रंगवली असती.

इथे माझ्या मुलामागच्या ताशी भावाला आवर घालायला हवा, कारण भागाकार हे धोकादायक हत्यार आहे. पट चाळीसवरून पंधरावर आला की तोच तास साडेबाराचा तेहतीस रुपयांना पडतो, आणि लगेच कुणीतरी शाळा बंद करा म्हणतं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरच्या शाळेला हा भागाकार लावला तर एकही टिकणार नाही. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठी ईटीसी केंद्र आहे. तिथे एकेका मुलासाठी थेरपिस्ट लागतो, विशेष शिक्षक लागतो. तिथला ताशी खर्च काढून ताईच्या शाळेशी ताडून बघणारा माणूस हिशेबात पक्का असेल, पण त्याला हिशेब कशासाठी असतो ते कळलेलं नाही.

तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका मिळून ती चालवतात. मराठवाड्यातून दुष्काळात निघून आलेली, पुलाखालीच राहणारी, सिग्नलवर गजरे विकणारी ही मुलं. शहरात शाळा नव्हत्या असं नाही. जवळच होत्या, पट भरायला उत्सुकही होत्या. पण त्या शाळांची वेळ आणि या मुलांचा दिवस कधी जुळला नाही. तेव्हा शाळाच कंटेनरमध्ये घालून पुलाखाली आणली. आंघोळ तिथे, खाणं तिथे, अभ्यास तिथे. त्यातली मुलं पुढे दहावी पास झाली. मला यात कौतुक करुणेपेक्षा हिशेबाचं वाटतं: तास मुलाच्या दिवसात बसेल असा आधी कापून घेतला, मग शिकवलं. उलट क्रमाने आपण कित्येक इमारती बांधल्यात.

गेल्या गणपतीत मी ताईपुढे माझी योजना मांडली. महापालिकेच्या अंदाजपत्रकात शाळेमागे एक रकाना वाढवायचा: शिक्षकांचे एकूण तास किती, आणि त्यातले प्रत्यक्ष शिकवण्यात किती गेले.

"म्हणजे अजून एक लिंक येणार," ती म्हणाली. "रोज दुपारी दोनपर्यंत भरायची. आज किती तास शिकवलं. फोटोसकट."

मी योजना बदलली. प्राथमिक शाळेला कारकून नसतो; सगळी लिखापढी शिक्षकच करतात. समजा एक कारकून नेमला, पंचवीस हजारांवर. त्याने पाच शिक्षकांचा रोजचा एकेक तास वाचवला, तर पाचशेच्या भावाने महिन्याला साठ हजारांचा वेळ वर्गात परत येतो. निव्वळ फायदा पस्तीस हजार, एकही नवी इमारत न बांधता. मी मोदक बाजूला सारून कागदावर मांडून दाखवलं. ताईने आकडे दोनदा तपासले. ती माझ्यापेक्षा गणितात चांगली आहे.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आता सांग, तुझे पंचवीस हजार अंदाजपत्रकात कुठे दिसतील?"

आस्थापना खर्चात. नवीन पद, नवीन बोजा.

"आणि ते साठ हजार?"

मी पेन्सिल घेऊन शोधलं. ते कुठल्याच शीर्षात बसत नव्हते. पगार तर तेवढाच राहणार होता.

"मग तुझा कारकून पहिल्याच बैठकीत उडणार," ताई म्हणाली आणि आरतीसाठी सगळ्यांना हाका मारायला उठली.